पपईचं डोकं

आ-खुनची नोकरी वाचली. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. आणि आता हे विसरून जायचं. असं काही झालेलं नाही. नोकरी वाचलेली नाही, गेलेलीही नाही. सध्या फक्त इतकंच झालं आहे की गोल टेबलावरची फिरती काच थांबली आहे, काचेच्या मधोमध एक वाफवलेली अख्खी कोंबडी आहे, आणि तिचं तोंड आ-खुनकडे आहे. डोळे मिटलेले, तुरा शाबूत, चोचीत कुणीतरी हौसेनं कोंबलेली लाल चेरी. ताइपै शहरातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला असं काही दिसलं की घाम फुटतो. मालक देतो त्या वर्षअखेरच्या जेवणात कोंबडी ज्याच्याकडे तोंड करते, त्यानं नव्या वर्षात दुसरीकडे काम शोधायचं असतं. हल्ली हे कुणी मानत नाही. म्हणजे हल्ली सगळे मोठ्यानं 'हल्ली हे कुणी मानत नाही' असं म्हणतात आणि हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करून कोंबडीचं डोकं उडवायला सांगतात. यंदा हॉटेल बदललं आणि फोन करायचा राहिला. वाढणाऱ्या मुलीनं ताट ठेवलं, काचेला जाता जाता कोपर लागलं, काच फिरली, थांबली. टेबलाभोवतीच्या नऊ जणांनी एकदम श्वास सोडला. तो श्वास आ-खुनच्या चेहऱ्यावर आला, त्यात लसणाचा वास होता. आणि आ-खुन हसला. ओठ मिटून कसंनुसं हसला असता तर चाललं असतं. तो दात दाखवून हसला, विमानतळावर आपलं माणूस बाहेर येताना दिसल्यावर हसतात तसा.

"हसतोस काय मेल्या?" शेजारच्या शू-चू ताई चॉपस्टिकच्या आडून पुटपुटल्या. त्या हिशेबखात्यात होत्या, त्यामुळे कोण जाणार हे त्यांना माहीत असावं असं सगळ्यांना वाटायचं, आणि तसं वाटतंय हे माहीत असल्यामुळे त्या महिनाभर कुणाशी नजर मिळवत नव्हत्या. "बघतायत मालक. तोंड पाड जरा."

आ-खुननं तोंड पाडायचा प्रयत्न केला. तोंड पडेना. महिन्यापूर्वी याओ मालकांनी मीटिंगमध्ये सांगितलं होतं की तक्रार विभागातून नव्या वर्षात एक माणूस कमी करावा लागेल, कोण ते अजून ठरलेलं नाही. तेव्हापासून विभागात सगळे एकमेकांशी इतक्या गोडीनं वागत होते की तक्रार करणारी गिऱ्हाइकंसुद्धा बिचकली होती. कंपनी लिफ्टची बटणं बनवायची. बटण दाबलं, दिवा लागला, पण लिफ्ट आली नाही, असं म्हणणाऱ्या माणसाला शांत करणं हे आ-खुनचं काम. चार नंबरचं बटण कंपनी बनवतच नव्हती, कारण चार म्हटलं की लोकांना मरण आठवतं, उच्चार जवळपास सारखाच, आणि चौथा मजला कुणी ठेवत नाही. तरी त्या बटणाबद्दलही वर्षाकाठी एखादी तक्रार यायचीच, आणि आ-खुन तीही नोंदवून घ्यायचा. ही नोकरी जाऊन त्याला चालणार नव्हतं. बानछ्याओमध्ये त्यानं नुकतंच दोन खोल्यांचं घर घेतलं होतं भाड्यानं, दुसरी खोली आईची. वसंत लागला की आई पिंगतुंगहून यायची होती. तिनं शेजारणीला कुंड्या वाटायलासुद्धा सुरुवात केली होती, आणि वाटलेली कुंडी आई कधी परत मागत नाही. हे सगळं त्याला या क्षणी नीट आठवत होतं. डोक्याला सगळं कळत होतं. पण कोंबडीचं तोंड आपल्याकडे वळलं की काय करायचं हे त्याच्या अंगाला भलत्याच ठिकाणी शिकवलं गेलं होतं, आणि अंग खूश होतं. अंगाला वाटत होतं, विमान आलं.

तो सोडलेला श्वासही त्याच्या ओळखीचा होता. याआधी तो त्यानं एकदाच ऐकला होता, सक्तीच्या लष्करभरतीनंतरच्या प्रशिक्षणाच्या शेवटी, एका लांबलचक सभागृहात, जिथे पॉलिशचा, ओल्या बुटांचा आणि तिथल्या प्रत्येकाच्या भीतीचा मिळून एक आंबूस वास सुटला होता. पुढे टेबलावर पेटी होती. पेटीत चिठ्ठ्या, चिठ्ठीवर नेमणुकीचं ठिकाण. घराजवळची छावणी, स्वयंपाकघर, बँडपथक. आणि तळाशी कुठेतरी ती एक चिठ्ठी, दक्षिणेच्या बेटावरच्या हवाई तळाची, जिथे जायला महिन्याकाठी एक विमान आणि तेही हवा बरी असली तर. एकेक जण जायचा, हात घालायचा, पेटीत हात घातल्यावर सगळ्यांचे चेहरे गाईच्या पोटात हात घातलेल्या जनावरांच्या डॉक्टरासारखे व्हायचे. आ-खुननं हात घातला तेव्हा बोटांना लागलेली पहिली चिठ्ठी दमट होती. ती त्यानं सोडली. दुसरी घेतली. तीही दमट होती, कारण दमट त्याची बोटंच होती. हवालदारानं चिठ्ठी उलगडली, वाचली, आ-खुनकडे पाहिलं, पुन्हा वाचली, आणि मग इतक्या हळू आवाजात वाचून दाखवली की सभागृहाच्या शेवटच्या ओळीपर्यंत ती ताबडतोब पोचली. आधी तो श्वास आला. शेकडो पोरांचा एकच श्वास. सगळ्यांचा जीव एकाच वेळी भांड्यात पडला आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पोरं उभी राहिली. बाकांवर चढली. कुणीतरी शिट्टी मारली. ज्याच्याशी तो कधी बोललाही नव्हता अशा एका जाड्या पोरानं त्याला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावर खरंखुरं रडला. "उपकार झाले भावा," तो म्हणाला, "आयुष्यभर विसरणार नाही." आणि नाव न विचारता निघून गेला. आ-खुनसाठी त्याआधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या; शाळेत नाही, घरी नाही. त्यामुळे त्यानं थोडंसं वाकून नमस्कार केला. आपण असं का केलं हे त्याला आजही कळलेलं नाही. आईला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "तिथे कपडे वाळतात का रे?"

वाळायचे. इतके वाळायचे की दोरीवरचा बनियन काढताना मोडेल की काय असं वाटायचं. बेटावर दुसरं फारसं काही नव्हतं. एक सिगरेट पेटवून या टोकाहून निघालं तर त्या टोकाला विझवता यायची, आणि मधली बहुतेक सगळी जागा धावपट्टीनं घेतलेली. म्हणजे ते धावपट्टी असलेलं बेट नव्हतं, कडेला थोडंसं बेट चिकटलेली धावपट्टी होती. तिच्यावर चार-पाच देशांचा हक्क होता. रोज दुपारी, जेवणं उरकल्यावर, रेडिओवर शेजारच्या देशाचा आवाज यायचा आणि अतिशय सभ्यपणे सांगायचा की आपण आमच्या हद्दीत आहात, कृपया निघून जावं. मग इकडून तितक्याच सभ्यपणे सांगायचं की आपणच आमच्या हद्दीत आहात, आपण जावं. मग दोघंही झोपायला जायचे. एका महिन्यात त्या आवाजाला खोकला झाला. आठवडाभर तो खोकत खोकत हक्क सांगत राहिला, तेव्हा रेडिओवरच्या बुटक्या वूला राहवेना. "आपण आमच्या हद्दीत आहात," वू म्हणाला, "आणि आलं घालून गरम पाणी प्या." पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर. मग आवाज आला, "आपण आमच्या हद्दीत आहात. आलं संपलंय."

आ-खुनचं काम पक्षी हाकलण्याचं. विमान यायच्या आधी धावपट्टीवर थाळी बडवत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं. पक्षी उडायचे, उडत नसे तो फक्त कोंबडा. तळाच्या खुराड्यातला हा एक तांबडा कोंबडा विमानाची घरघर ऐकू आली की तडक धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहायचा. विमानाच्या वाऱ्यानं गवतात गडगडत जायचा, उठायचा, पिसं झटकायचा आणि आरवायचा, जणू विमान त्यानंच उतरवलं. आ-खुन पहिल्यांदा त्या विमानातून उतरला तेव्हा अर्धमेला होता. संध्याकाळपर्यंत तो खाटेवर पडून छताकडे पाहत, आता काय होणार, आता काय होणार असं घोकत होता, आणि घोकता घोकता त्याच्या लक्षात आलं की आता काहीच होणार नाही. इथून पुढे पाठवायला जागाच नव्हती. सभागृहातल्या त्या सगळ्या पोरांना अजून कुठे ना कुठे पाठवता येणार होतं, त्यांच्या पुढ्यात अजून पेट्या होत्या. त्याची पेटी रिकामी झाली होती. पाठीखालच्या खाटेच्या पट्ट्या एकेक करून जाणवायला लागल्या. समुद्र ऐकू आला, तो सकाळपासून होताच. आ-खुन झोपला, तो असा झोपला की दुसऱ्या दिवशी आचारी फान दादा त्याच्या नाकापुढे आरसा धरून बघून गेला.

मग एके दिवशी लांब युरोपातल्या कुठल्याशा कोर्टात ठरलं की ते बेट नाहीच, खडक आहे. कोर्टाचं म्हणणं, माणसं स्वतःच्या जिवावर जिथे जगू शकतात ते बेट. कमांडर साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "काही लोकांच्या मते आपण आजपासून खडकावर आहोत," ते म्हणाले. "आपण बेटावर आहोत. सावधान. विश्राम." त्यानंतर बेटावर माणूस कसा सुखानं जगतो याचा अहवाल करायचं ठरलं. विहिरीचं पाणी, पपयांची झाडं, भेंडी, कोंबड्या आणि तो कोंबडा, सगळ्यांचे फोटो गेले. त्या दिवसापासून त्यांना हात लावायची बंदी झाली, कारण ते आता अन्न नव्हतं, पुरावा होता. पुरावा शिजवता येत नाही. माणूस इथे स्वतःच्या जिवावर जगू शकतो हे सिद्ध करण्यासाठी सगळे विमानातून आलेले डबे खाऊ लागले. आणि वर्षअखेरचं जेवण आलं तेव्हा बाहेर कुंपणापाशी कोंबडा आरवत होता आणि आत ताटात जी कोंबडी होती ती बर्फात गोठून विमानानं आलेली, बिनडोक्याची. फान दादाला हे पटेना. "डोकं नाही तर जेवण कसलं?" तो म्हणाला. अहवालातल्या पपईला हात लावता येत नव्हता, पण झाडावरून आपोआप पडलेली एक पपई अहवालात नव्हती. तिचं त्यानं डोकं कोरलं. चोच, तुरा, मिरीचे डोळे, सगळं. दात कोरायची काडी घालून ते कोंबडीच्या मानेवर बसवलं. "डोकं ज्याच्याकडे, त्याला काढलं," त्यानं जाहीर केलं, आणि त्या खोलीत याचा अर्थ सगळ्यांना एकच कळत होता. ज्याला काढलं, त्याला पुढच्या विमानात जागा, नंबर नसला तरी. जिथून आपल्याला काढून टाकावं एवढीच प्रत्येकाची इच्छा, तिथे ती जुनी प्रथा उलटी होणारच.

टेबल म्हणजे तारेचं लाकडी रीळ आडवं टाकलेलं, खाली ट्रकच्या चाकाचं बेअरिंग. फान दादानं ते फिरवलं. पपईचं डोकं सगळ्यांच्या तोंडासमोरून गेलं, पुन्हा गेलं, आणि लोक ज्या नजरेनं त्याच्याकडे बघत होते त्या नजरेनं आ-खुनकडे आजवर कुणा मुलीनं बघितलेलं नाही. ते थांबलं आ-खुनपाशी. अंगातून काहीतरी सर्रकन वर गेलं. इतका निव्वळ आनंद त्याला त्याआधी झाला नव्हता, आणि तो झाल्याबरोबर त्याला कळलं की एवढा पुरे. शेजारी बुटका वू बसला होता. त्याच्या मैत्रिणीचं दोन विमानांत पत्र नव्हतं, आणि तो हल्ली शेजारच्या देशाला हक्क सांगताना मध्येच थांबून "ऐकताय ना?" असं विचारायला लागला होता. आ-खुननं रिळाच्या कडेला एक बोट लावलं. एकच. काहीतरी पुसतोय असं. डोकं हळूच वूकडे वळलं. फान दादा एवढंच म्हणाला, "बेअरिंगला तेल द्यायला पाहिजे." वू गेला आणि घरी पोचल्यावर तीन आठवड्यांत त्याचं लग्न झालं, दुसऱ्याच मुलीशी. आ-खुन आणखी एक पावसाळा पक्षी हाकलत राहिला.

आणि आता हीच काच. तेच बोट. हॉटेलच्या झुंबराखाली त्याला आपलं बोट दिसत होतं, काचेच्या कडेवर, तिथे ते कधी गेलं कळलंच नाही. फक्त इथे बोट फिरवण्याचा अर्थ नेमका उलटा होता. इथे डोकं वळवून द्यायचं म्हणजे शेजाऱ्याच्या गळ्यात घालायचं. त्याच्या उजवीकडे शू-चू ताई, डावीकडे गोदामातून गेल्या वर्षी या विभागात आलेले पांग काका, निवृत्तीला एकच वर्ष उरलेले, शर्टाच्या वरच्या बटणापर्यंत घामेजलेले. आणि टेबलावर एकाएकी सगळ्यांना भूक लागली होती. पलीकडच्या पोराला आ-खुनपाशी असलेले बांबूचे कोंब हवे होते. त्यानं काच ओढली. डोकं पांग काकांकडे सरकलं. काकांना एकदम मासा आवडायला लागला. काच परत आली. अजून कुणाला पाव, कुणाला सूप, प्रत्येक जण "घ्या ना, घ्या ना, आधी तुम्ही," म्हणत काच आपल्यापासून दूर ढकलत होता आणि कोंबडी टेबलाभोवती जत्रेतल्या पाळण्यासारखी झुलत होती.

"अहो, मला खरंच कोंब हवेत," पलीकडचा पोरगा रडकुंडीला येऊन म्हणाला.

"घरी खा," शू-चू ताई म्हणाल्या.

डोकं पुन्हा पांग काकांपाशी गेलं आणि तिथे थबकलं. काकांनी हात मांडीवर घेतले. त्यांना आता काहीच हवं नव्हतं. आ-खुनला तो चेहरा माहीत होता, पेटीत हात घातलेला. त्यानं काचेवरचं बोट स्वतःच्या बाजूला ओढलं, सावकाश, सगळ्यांच्या देखत, डोकं आपल्यासमोर आणलं आणि बोट तिथेच दाबून ठेवलं. नख पांढरं पडेपर्यंत. पलीकडून कुणीतरी ओढून पाहिलं, काच हलेना. आईची खोली त्याच्या डोळ्यांसमोरून गेली, खिडकीतल्या रिकाम्या जागेसकट, जिथे ती नवी कुंडी ठेवणार होती. पण चेहरा अजून हसतच होता, त्याला कोण काय करणार.

याओ मालक प्याला घेऊन प्रत्येक टेबलापाशी जाऊन आता इथे आले होते. प्याल्यात चहा होता. सगळ्यांना माहीत होतं, सगळे दारू समजून वाहवा करायचे. ते उभे राहिले. कोंबडीकडे बघितलं. बोटाकडे बघितलं. मग हसणाऱ्या तोंडाकडे.

"फोन कुणी केला नाही हॉटेलला?" ते म्हणाले. कुणी केला नव्हता. "आणि तू काच का धरून ठेवलीयस रे?"

"घसरते साहेब."

"हसतोयस कशाला?"

आ-खुननं दुसरं काही सांगायचा विचार केला. "विमान आल्यासारखं वाटलं, साहेब."

शू-चू ताईंनी डोळे मिटून घेतले. मालकांनी प्याला खाली ठेवला.

"तू तो बेटवाला ना? अर्जात लिहिलं होतंस." आ-खुननं मान हलवली. मालक काही वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. "आमच्या वेळी एका पोराला निघाली होती ती चिठ्ठी. काडीसारखा पोरगा, मोठे कान. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर..." त्यांनी तळहात उलटा करून पाहिला, जणू अजून लाल आहे का ते. "त्यानं नमस्कार केला रे आम्हाला. वाकून."

"करतात तसं," आ-खुन म्हणाला.

"नाव विचारायचं राहिलं."

मग मालकांनी पांग काकांच्या चॉपस्टिक उचलल्या, कोंबडीची मान धरली, डोकं मोडलं आणि तोंडात टाकलं. चेरीसकट. सगळं सभागृह बघत होतं. चावण्याचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत गेला असावा. तुऱ्यापाशी त्यांना जरा त्रास झाला, पण ते मागे हटले नाहीत. कुणी जायचं हे ठरवायला एक डोकं होतं, ते आता राहिलं नव्हतं, त्यामुळे त्या विषयावर पुढे काही करण्यासारखं उरलं नाही. "माणूस कुणी कमी होत नाही," ते शेवटी चहानं घसा मोकळा करत म्हणाले, "गोदामाचा भाड्याचा वरचा मजला सोडून देऊ, तेवढाच खर्च वाचेल. बोट काढ आता. मला कोंब हवेत."

आ-खुननं बोट काढलं. काचेवर त्याचा ओला ठसा राहिला, तो काच फिरली तसा सगळ्यांसमोरून फिरून आला. सगळ्यांनी पोटभर खाल्लं. बिनडोक्याची कोंबडी एकदम नुसती कोंबडी झाली होती, आणि पांग काकांनी तिच्या दोन्ही तंगड्या घेतल्या तरी कुणी काही म्हणालं नाही. शू-चू ताईंनी महिनाभरात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. "मला काहीच माहीत नव्हतं रे," त्या म्हणाल्या, "कोण जाणार ते. शप्पथ." पुढे बक्षिसांच्या चिठ्ठ्या निघाल्या. व्यासपीठावर पेटी, पेटीत हात, तोच दमट कागद कुणाच्या तरी बोटांत. आ-खुनचं अंग आखडलं. नाव निघालं पांग काकांचं, फ्रीज. आधी एक श्वास सुटला, या वेळी निराशेचा, सौम्य, आणि मग टाळ्या. आ-खुन उभा राहिला. तो टाळ्या वाजवत राहिला, बाकीचे थांबले तरी वाजवत राहिला, हात चुरचुरेपर्यंत, आणि व्यासपीठावर गांगरलेल्या पांग काकांनी त्याच्याकडे बघून थोडंसं वाकून नमस्कार केला.

बाहेर स्कूटरपाशी त्यानं आईला फोन लावला. आईनं कसा आहेस, काय खाल्लंस, यातलं काही विचारलं नाही. "तोंड कुणाकडे होतं?" तिनं विचारलं.

"मालकांच्या पोटात."

"बरं झालं," आई म्हणाली. जास्त खोलात जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. "मग मी शेवटची कुंडीपण देऊन टाकते."

स्कूटर पुलावर चढली. नदीवरचा वारा हेल्मेटच्या फटीतून आत येत होता, कपाळ गार पडत होतं, आणि आ-खुनला प्रत्येक सांधा वेगवेगळा सैल होताना जाणवत होता, खाटेच्या पट्ट्या जाणवल्या होत्या तसा. हा जो हलकेपणा होता तो एकट्यानं घरी नेण्याइतका लहान नव्हता. बानछ्याओ येईपर्यंत त्यानं मनातल्या मनात एक अर्ज तयार केला, तक्रार विभागात राहून त्याला असल्या भाषेची सवय झाली होती.

माननीय नेमणूक अधिकारी, दूरच्या चौक्या, यांस. खाली सही करणार याने पूर्वी दक्षिणेच्या बेटावरील हवाई तळावर पक्षी हाकलण्याचे काम केले असून, सदर बेट सध्या खडक असल्यास त्याबाबत अर्जदाराचे काही म्हणणे नाही. तरी सदर तळाची चिठ्ठी अर्जदाराने एकदा काढलेलीच असल्याने ती त्याच्याच नावे कायमची निघालेली समजावी, व यापुढे कोणत्याही पेटीत टाकण्यात येऊ नये. तळावरील काम कोंबडा पाहून घेईल. मात्र सभागृहात जमलेल्या सर्वांना दरवर्षी उभे राहून टाळ्या वाजवण्याची परवानगी पूर्ववत असावी, ही नम्र विनंती.